कीर्तीची वाट आणि तिची तजवीज

१२ सप्टेंबर २०२२ रोजी लॉस एंजेलिस येथे एमी पुरस्कारांचा समारंभ झाला आणि नाट्यमालिकेतील सर्वोत्कृष्ट प्रमुख अभिनेत्याचा मान ली जुंग-जे या दक्षिण कोरियन नटास देण्यात आला, तेव्हा इंग्रजीखेरीज अन्य भाषेत साकारलेल्या भूमिकेला तो मान त्या पुरस्काराच्या इतिहासात प्रथमच लाभत होता. 'स्क्विड गेम' या मालिकेतला त्यांचा नायक हा कर्जात बुडालेला, संसार मोडलेला, म्हाताऱ्या आईच्या कमाईवर दिवस काढणारा आणि तरीही अंतःकरणातली माया न गमावलेला असा सोल शहरातला एक सामान्य मनुष्य आहे. तो आपल्या मायबोलीत बोलतो, लहानपणी आपल्या गल्लीत जे खेळ खेळला तेच प्राणांवर बेतलेले खेळ पुन्हा खेळतो, आणि जगाच्या पाठीवरील कोट्यवधी प्रेक्षकांना तो आपल्याच घरातला वाटतो.

आमच्या वसई-विरारमधल्या कित्येक घरांत मुलांनी ही मालिका रात्र जागून पाहिली. सकाळी विरारहून चर्चगेटकडे निघालेल्या गाडीत दोन बाकांच्या मधल्या जागेत दाटीने उभी असलेली तरुण मंडळी हातातल्या मोबाइलवर कोरियन मालिका पाहताना नित्य दिसतात, कॉलेजातल्या मुलींच्या बोलण्यात कोरियन नटांची नावे शेजारच्या घरातल्या माणसांसारखी सहज येतात, आणि यावरून वडीलधाऱ्यांच्या मनाला स्वत्वाच्या ऱ्हासाची चिंता लागते. मला ती चिंता वाटत नाही. दूर पूर्वेशी वसईचा संबंध तसा आजचा नाही. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानात गेले, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन पंथात शिरून जपानात परतले, आणि १५९७ साली, ज्या वर्षी जपानच्या हिदेयोशीने कोरियावर दुसरी स्वारी केली त्याच वर्षी, त्याच हिदेयोशीच्या हुकुमावरून नागासाकीस क्रूसावर हुतात्मा झाले. परक्या मुलखाशी जीव जडणे हा अपराध नव्हे. मात्र त्या मुलखातल्या नटाची कीर्ती समुद्रापार कोणत्या वाटेने गेली आणि आमच्या गुणी माणसांची कीर्ती कोणत्या वळणावर थांबली, हे या निमित्ताने आपण नीट पाहिले पाहिजे. कारण गुणांचा दुष्काळ आपल्याकडे कधीही नव्हता.

ली जुंग-जे यांची कीर्ती एका रात्रीत उगवलेली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ते प्रथम जाहिरातींतला देखणा तरुण म्हणून लोकांसमोर आले, १९९३ मध्ये दूरचित्रवाणीवर दिसू लागले आणि १९९५ च्या 'सँडग्लास' मालिकेत एका श्रीमंत कन्येचा अबोल अंगरक्षक साकारून त्यांनी साऱ्या देशाचे मन जिंकले. ती मालिका लागण्याच्या वेळी सोलचे रस्ते ओस पडत, असे तिथले लोक आजही सांगतात. त्यानंतर १९९९ चा 'सिटी ऑफ द रायझिंग सन', २०१० चा 'द हाउसमेड', २०१३ चा 'न्यू वर्ल्ड' असे एकाहून एक निराळे चित्रपट त्यांनी केले. म्हणजे पाव शतकभर हा नट स्वदेशी थोर आणि स्वदेशाबाहेरच्या सामान्य प्रेक्षकाला जवळजवळ अपरिचित होता. 'स्क्विड गेम'चे लेखक-दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्युक यांनी तिची संहिता २००९ च्या सुमारास लिहून ठेवली होती आणि पुढे दहा वर्षे तिला कोणी निर्माता लाभला नाही. २०२१ साली ती जगापुढे आली तेव्हा ली पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. अभिनय तोच होता, चेहरा तोच होता, भाषाही तीच होती. मधल्या काळात त्या भाषेपासून जगापर्यंत जाणारा रस्ता बांधून तयार झाला होता.

आता आमच्या विरारचा दाखला घेऊ. 'विरारचा छोकरा' या नावाने साऱ्या हिंदुस्थानात जो नट ओळखला गेला त्या गोविंदा यांचे वडील अरुण आहुजा हे मेहबूब खान यांच्या १९४० च्या 'औरत' चित्रपटात काम केलेले नट, आणि आई निर्मलादेवी या ठुमरी-दादऱ्याच्या नामांकित गायिका. वडिलांनी स्वतः काढलेला चित्रपट कोसळला, मुंबईतला बंगला गेला आणि कुटुंब विरारला येऊन राहिले. मुलाने वसईच्या अण्णासाहेब वर्तक महाविद्यालयात वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतले आणि कामाच्या शोधात त्याच विरार गाडीने मुंबईच्या फेऱ्या घातल्या, जिने आमच्या पिढ्यान्पिढ्या पोटापाण्यासाठी फेऱ्या घालीत आल्या आहेत. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेकडे पहिली उपनगरी गाडी निघाली, तेव्हापासून या तालुक्यातल्या माणसाचे नशीब त्या रुळांना बांधलेले आहे. १९८६ साली 'इल्जाम' व 'लव्ह ८६' हे गोविंदा यांचे चित्रपट झळकले, आणि पुढल्या दशकात 'आँखें', 'राजा बाबू', 'कुली नं. १', 'हिरो नं. १' असे चित्रपट येत गेले तसतसे त्यांच्या नावावर चित्रपटगृहांबाहेर रांगा लागू लागल्या.

गोविंदा यांच्या अभिनयाविषयी विद्वानांनी पुरेशा गांभीर्याने लिहिले नाही, याचा मला खेद वाटतो. संवादातल्या शब्दावर ठेका धरून तोच ठेका क्षणार्धात पायात उतरवणे, गरीब नायकाची फजिती रंगवताना त्याची प्रतिष्ठा यत्किंचितही कमी होऊ न देणे, हसविता हसविता डोळ्यांत करुणेची एक पुसट छटा आणून लगेच ती मिटवून टाकणे, ही सारी कामे अत्यंत अवघड आहेत. आणि विरार-नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या माणसाला पडद्यावरचा हा नायक आपला का वाटला याचे उत्तर त्याच कामांत आहे. १९९९ मध्ये बीबीसीने सहस्रकाच्या अखेरीस रंगभूमी व पडद्यावरील सर्वश्रेष्ठ कलावंत कोण, याविषयी इंटरनेटवर वाचकांचा कौल घेतला, त्यात अमिताभ बच्चन पहिले आले, लॉरेन्स ऑलिव्हिए दुसरे आले, आणि गोविंदा यांचे नाव दहाव्या क्रमांकावर होते. जेथे जेथे हिंदी चित्रपट पोचला होता आणि जेथे जेथे भारतीय कुटुंबे जाऊन वसली होती, तेथून तेथून तो कौल आला असला पाहिजे. परंतु ज्याला हिंदी येत नाही अशा परक्या प्रेक्षकासमोर या नटाचे काम नेटक्या भाषांतरासह, त्याच्या गुणांची ओळख करून देऊन, कोणी आस्थेने ठेवले असे मात्र घडले नाही. त्यांची कीर्ती आपल्या माणसांबरोबर परदेशी गेली आणि आपल्याच माणसांच्या घरांत मुक्कामाला राहिली. एका माणसाने एकट्याच्या बळावर जेवढे चालावे तेवढे अंतर गोविंदा चालले. पुढचे अंतर चालण्याचे काम त्यांचे नव्हते, ते संस्थांचे होते.

मराठी नटाला परदेशी मान मिळाल्याचा ठळक दाखला रोहिणी हट्टंगडी यांचा आहे, आणि तो विस्ताराने सांगण्यासारखा आहे. पुण्याच्या ओक घराण्यातली ही मुलगी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखाली शिकली आणि १९७४ साली उत्तम अभिनेत्री म्हणून गौरव घेऊन बाहेर पडली. त्या विद्यालयात शोझो सातो यांनी बसविलेल्या 'इबारागी' या जपानी काबुकी नाटकात तिने भूमिका केली. मुंबईस आल्यावर सहाध्यायी आणि पुढे पती झालेले जयदेव हट्टंगडी यांनी दिग्दर्शित केलेल्या 'चांगुणा' नाटकात, म्हणजे स्पॅनिश नाटककार लॉर्का यांच्या 'येर्मा'च्या मराठी अवतारात, तिने मुख्य भूमिका केली. पुढे रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या १९८२ च्या 'गांधी' चित्रपटात कस्तुरबांचे काम या मराठी अभिनेत्रीकडे आले. तरुण वधूपासून आगाखान राजवाड्यातल्या बंदिवासात देह ठेवणाऱ्या वृद्धेपर्यंतचा प्रवास तिने अशा संयमाने दाखविला की १९८३ मध्ये ब्रिटिश अकादमीने साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मॉरीन स्टेपल्टन यांच्यासमवेत तिला दिला. त्याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ऑस्कर मिळाले आणि तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या.

लोक या घटनेकडे व्यक्तीच्या भाग्याची कथा म्हणून पाहतात. मला तिच्यात आणखी काही दिसते. सरकारी खर्चाने चालणारे एक नाट्य विद्यालय होते, तेथे एका पुणेकर मुलीला जपानी रंगशैली शिकविणारा गुरू आणला जात होता, मुंबईत स्पॅनिश नाटकाचा मराठी प्रयोग करू देणारे प्रायोगिक वातावरण होते, आणि खुद्द 'गांधी' चित्रपटात आमच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा पैसा गुंतलेला होता. ही सगळी तजवीज आधी झाली होती म्हणून गुण योग्य क्षणी योग्य स्थळी उभा राहू शकला. असे असूनही एक उणीव राहिली ती राहिलीच: रोहिणीताईंना जगाने गौरविले ते इंग्रजी चित्रपटातल्या कामासाठी. १९८४ च्या 'सारांश'मध्ये ऐन तारुण्यात त्यांनी मुलगा गमावलेली वृद्धा ज्या ताकदीने उभी केली, ते काम जगाच्या बाजारात त्या तोलाने पोचले नाही, आणि त्यांचे मराठी काम तर महाराष्ट्राच्या सीमेवरच अडले.

आपली भाषा घेऊन सीमा ओलांडण्याचे सामर्थ्य मराठी नटात नाही, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. १९८० साली थिएटर अ‍ॅकॅडमीचे 'घाशीराम कोतवाल' युरोपात गेले ते मराठीतच गेले, आणि नाना फडणविसांच्या भूमिकेतील मोहन आगाशे तेथल्या प्रेक्षकांसमोर मराठीतच उभे राहिले. २०१४ साली चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाले, त्यातला लोकशाहीर नारायण कांबळे नागपूरच्या वीरा साथीदार यांनी साकारला होता, ज्यांनी आयुष्य चळवळीत घालविले होते आणि ज्यांचा चेहरा अभिनयाच्या बाजारात कोणी हुडकला नसता. २०२५ च्या जानेवारीत रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातले परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. म्हणजे दार वाजविणारे हात आपल्याकडे आहेत. पण पुरस्काराची बातमी दोन दिवस छापून आली, सत्कार झाले, आणि पुढच्या मराठी नटाला तीच भिंत पुन्हा पहिल्यापासून चढावी लागली.

कोरियाने नेमके या ठिकाणी निराळे वर्तन केले. तेथे १९८४ मध्ये चित्रपटकलेची अकादमी निघाली, जिच्यातून पुढे 'पॅरासाइट'चे दिग्दर्शक बोंग जून-हो शिकून बाहेर पडले; १९९३ मध्ये सरकारने कलांचे राष्ट्रीय विद्यापीठ स्थापिले; १९९६ मध्ये बुसान शहराने आपला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू केला आणि त्याच वर्षी तिथल्या घटना न्यायालयाने चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरविली; १९९९ मध्ये, आर्थिक संकटातून देश अजून सावरत असताना, सांस्कृतिक उद्योगांच्या उत्तेजनाचा कायदा झाला. प्रत्येक चित्रपटगृहाने वर्षातले १४६ दिवस स्वदेशी चित्रपट दाखवावेत असा दंडक होता. २००६ मध्ये अमेरिकेच्या आग्रहापुढे तो ७३ दिवसांवर आणला गेला, तेव्हा मोठमोठे नट रस्त्यावर येऊन उभे राहिले आणि चोई मिन-सिक या श्रेष्ठ नटाने सरकारकडून मिळालेले सन्मानपदक परत केले. 'पॅरासाइट'चे संवाद इंग्रजीत उतरविणारे डार्सी पॅकेट हे वर्षानुवर्षे कोरियात राहून तिथल्या चित्रपटांचा अभ्यास करणारे समीक्षक होते, त्यामुळे त्या संवादांतला घरगुती उपरोध आणि वर्गभेदाची टोचणी परक्या कानापर्यंत शाबूत पोचली.

या तजविजीची फळे केवळ कोरियनांनाच मिळाली असेही नाही. 'स्क्विड गेम'मधल्या अली या पाकिस्तानी मजुराच्या भूमिकेने जगाला रडविणारे अनुपम त्रिपाठी हे दिल्लीचे. तेथल्या रंगभूमीवर काम करीत असताना त्यांना कोरियाच्या त्या राष्ट्रीय कला विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली, २०१० मध्ये ते सोलला गेले, भाषा शिकले, अभिनय शिकले. आमच्या देशातला एक हौशी नट परक्या देशाच्या सरकारी शिष्यवृत्तीवर जगप्रसिद्ध व्हावा, यात त्रिपाठी यांच्या चिकाटीचा मोठा वाटा आहे आणि ती वंदनीय आहे. परंतु ज्या देशाने दूरच्या मुलाला बोलावून शिकविले त्या देशाची दृष्टीही मला तितकीच वंदनीय वाटते.

कोरियाचे सरकार म्हणजे कलेचा देवदूत, असे मी म्हणत नाही. २०१६ मध्ये उघड झाले की राष्ट्राध्यक्ष पार्क ग्यून-हे यांच्या कारकिर्दीत नऊ हजारांहून अधिक कलावंतांची काळी यादी सरकारी दप्तरात तयार झाली होती. सरकारी साहाय्य ज्यांना मिळू द्यायचे नाही अशांच्या त्या यादीत सोंग कांग-हो यांच्यासारख्या नटाचेही नाव होते. त्या प्रकरणी मंत्र्यांवर खटले भरले गेले आणि शिक्षाही झाल्या. पैसा देणारा हात गळाही धरू शकतो, हे भय खरे आहे, आणि आपल्याकडे तर ते अधिकच खरे आहे. पण त्या भयाने तरतूदच नको म्हणणे आत्मघाताचे होईल. तरतूद असावी, तिच्या वाटपात सत्ताधाऱ्यांची ढवळाढवळ नसावी, आणि हिशेब जनतेपुढे उघडा असावा, ही मागणी करण्यास लाजण्याचे कारण नाही.

यावर काही सुज्ञ माणसे म्हणतात की शासनाने कलावंत घडत नाहीत, प्रतिभा ही ईश्वरी देणगी आहे. प्रतिभा देणगी असेल. पण दादरच्या छबिलदास शाळेतली एक साधी जागा १९७४ पासून 'आविष्कार' संस्थेच्या प्रयोगांना लाभली नसती, तर मराठी प्रायोगिक रंगभूमीचा केवढा मोठा अध्याय कोरा राहिला असता याचा त्यांनी विचार करावा. एवढे दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्याच पालघर जिल्ह्यात याहून बोलका पुरावा आहे. वारली घरांच्या भिंतींवर लग्नाच्या चौकाची चित्रे पिढ्यान्पिढ्या सुवासिनी काढीत आल्या होत्या आणि ती पावसाळ्यात विरून जात होती. १९७०च्या दशकाच्या आरंभी सरकारी हस्तकला खात्याच्या कामगिरीवर भास्कर कुलकर्णी हा चित्रकार डहाणूच्या खेड्यापाड्यांत हिंडला, त्याने लोकांना कागद व रंग दिले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्यातला चित्रकार जगाला दिसला. त्यांची चित्रे २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या कामाशेजारी मांडली गेली, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हसे यांची रेषा कोणी शिकविलेली नव्हती. पण त्या रेषेपर्यंत चालत जाऊन तिला कागद पुरविणारा मनुष्य एका सरकारी खात्याने पाठविला होता. जी गोष्ट चित्राच्या बाबतीत या जिल्ह्यात एकदा घडली, ती अभिनयाच्या बाबतीत का घडू नये?

वसई-विरार महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली. २०११ च्या खानेसुमारीत तिच्या हद्दीत १२ लाखांवर लोक होते आणि त्यानंतर उठलेल्या इमारती पाहता ती संख्या किती फुगली असेल याची कल्पना कोणासही यावी. नायगाव-कामणच्या बाजूस दूरचित्रवाणी मालिकांचे चित्रीकरण अहोरात्र चालते, आणि आमची मुले तेथे दिवसाच्या रोजावर गर्दीत उभी राहतात. चिमाजी अप्पा मैदानावर दर वर्षी कला-क्रीडा महोत्सव भरतो, त्यात एकांकिका, नृत्य, गायन यांसाठी हजारो मुले उतरतात, हे आमचे मोठे भाग्य आहे. परंतु महोत्सव आठवड्यात संपतो आणि कलावंताला वर्षभर जागा लागते. सामवेदी, वाडवळी, आगरी, कोळी आणि वारली अशा कितीतरी बोली या एका पट्ट्यात नांदतात, प्रत्येकीत निराळा विनोद आहे, निराळा शोक आहे, आणि उद्याच्या श्रेष्ठ नटाला लागणारे सारे धन तेथे पडून आहे. आज त्या मुलाला खरी तालीम हवी असेल तर त्याने दादर-माटुंगा गाठावे, प्रयोग वा तालीम संपल्यावर शेवटच्या विरार गाडीमागे धावावे आणि पहाटे पुन्हा नोकरीवर हजर व्हावे. मुलगी असेल तर घरचे लोक एवढ्यावरच तिचे नाटक थांबवितात.

म्हणून माझी मागणी लहान आणि नेमकी आहे. महापालिकेने पुढल्या अंदाजपत्रकात कलाशिक्षणासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि त्याखाली तीन कामांची मंजुरी द्यावी: राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र किंवा परदेशातली एखादी नामांकित संस्था यांत प्रवेश मिळविणाऱ्या इथल्या मुलामुलींना संपूर्ण शिष्यवृत्ती, इथल्या बोलींत केलेल्या नाटक-चित्रपटांची इंग्रजी व अन्य भाषांत जाणकारांकडून उपशीर्षके करून घेण्याचा खर्च, आणि नाममात्र भाड्यावर बाराही महिने उघडे असणारे एक तालीमघर. निवडीचे काम नगरसेवकांकडे न ठेवता रंगकर्मींच्या समितीकडे सोपवावे आणि तिचे निर्णय कारणांसह प्रसिद्ध करावेत. तालीमघराची जागा विरार किंवा वसई रोड स्थानकापासून पायी जाता येईल इतकी जवळ असावी, आणि रात्री तालीम सुटण्याच्या वेळेला महापालिकेच्या परिवहनाची बस दाराशी उभी असावी, म्हणजे अर्नाळ्याच्या वा आगाशीच्या मुलीला नाटक करून घरी पोचण्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागणार नाही.